गायकवाड मॅडमची विहीर

आमच्या कॉलेजात पर्यावरणावर प्रेम नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. प्राचार्यांचं होतं, संस्थेच्या अध्यक्षांचं होतं, हेडक्लार्कपासून कँटीनवाल्या अण्णांपर्यंत सगळ्यांचं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तर ते इतकं उतू जायचं, की फ्लेक्सवर छापून गेटावर टांगावं लागायचं. एकट्या गायकवाड मॅडम अशा होत्या की त्यांना ते प्रेम कधी धड बोलून दाखवता आलं नाही. त्या आपल्या पंखे बंद करत हिंडायच्या.

माझी त्यांची ओळख पंख्यामुळेच झाली. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात मी मराठी शिकवायला नवीनच लागलो होतो. बदलापूरहून, तेही कुळगावच्या पार आतल्या टोकाहून, घामाघूम होऊन आलो, स्टाफरूमच्या कोपऱ्यातली खुर्ची धरली, डोक्यावरचा पंखा लावला आणि 'चला, लागलो एकदाचे नोकरीला' म्हणून पाय लांब केले, तोच पंखा मंदावत मंदावत थांबला. वीज गेली म्हणावं तर पलीकडचा चालू. बटणांपाशी एक ठेंगण्या, सावळ्या बाई उभ्या. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी, आणि चेहरा असा, की आपण काहीतरी चोरलंय आणि ते ह्यांना ठाऊक आहे असं वाटावं.

"तिकडे चौघं बसलेत एका पंख्याखाली. त्यांच्यात जाऊन बसा. एकट्याला सबंध पंखा कशाला लागतो?"

"मॅडम, मी आजच जॉइन झालो."

"विषय?"

"मराठी."

"मग उठा, मराठी."

त्या दिवसापासून मी 'मराठी' झालो. त्या सगळ्यांनाच विषयानं हाक मारायच्या. इतिहास, अकाउंट्स, फिजिक्स. नावं बदलतात, माणसं सोडून जातात, विषय टाइमटेबलवर राहतो, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त होईस्तोवर त्यांना माझं नाव ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

मॅडम रसायनशास्त्राच्या. राहायला अंबरनाथला. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते आणि त्या कामगार क्वार्टर्समध्येच लहानाच्या मोठ्या झालेल्या. नळाला पाणी आलं की हंडे-कळशा रांगेनं लावणारी ती घरातली थोरली मुलगी. एमएस्सी झाली तरी तिची ती रांग सुटली नाही. बॅगेत कायम एक स्टीलचा पेला. कॉलेजच्या कार्यक्रमात थर्माकोलचे कप फिरायला लागले की पेला बाहेर यायचा. चहा देणाऱ्या शिपायाला त्या पेल्याची इतकी धास्ती, की मॅडम दिसल्या की तो कपांचा ट्रे पाठीमागे लपवायचा. खडू नखाएवढा होईपर्यंत वापरायच्या. शेवटी फळ्यावर खडू लिहितोय की मॅडमचं नख, हे पहिल्या बाकावरच्यांनाही कळायचं नाही. त्यांनी लग्न का केलं नाही हे मला विचारू नका. त्यावर आमच्या स्टाफरूममध्ये भरपूर संशोधन झालं होतं, पण मॅडमनी कुणालाही सॅम्पल दिलं नाही.

पंख्यापर्यंत ठीक होतं. माणूस घामाघूम होतो, मरत नाही. खरा छळ होता त्यांच्या एका प्रश्नाचा. कुठं जातं ते?

एकदा आमचे अकाउंट्सचे लालवानी सर वडापाव खाऊन प्लास्टिकची पिशवी चुरगाळून टाकत होते. मॅडम समोरच.

"अकाउंट्स, ही कुठं जाते?"

"कहाँ जाएगी मॅडम? डस्टबिन में."

"मग?"

"मग सफाईवाला नेतो."

"कुठं?"

"गाडीत. गाडी डंपिंगला जाते."

"डंपिंग कुठं आहे?"

लालवानी सरांनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. डंपिंग त्यांच्याच बिल्डिंगच्या मागे होतं. वारा सुटला की त्यांच्या घरात खिडक्या लावून घ्यायची पळापळ व्हायची, हे त्यांनीच आम्हाला रडून सांगितलेलं होतं. सरांनी ती पिशवी घडी घालून खिशात ठेवली आणि जाता जाता मला म्हणाले, "यार, ये औरत है या इन्कम टॅक्स?"

अशा बाईला कुणी आभारप्रदर्शन देतं का? आमच्या प्राचार्यांनी दिलं. त्या वर्षी पर्यावरण दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून एक नगरसेवक बोलावले होते. वृक्षारोपणाचा खड्डा आमच्याकडे कायमचा ठरलेला होता. पोर्चशेजारचा. तिथं फोटो काढला की मागे कॉलेजचं नाव येतं. गेल्या वर्षीचं रोप अगोदरच मेलेलं असायचं, त्यामुळे जागेची अडचण कधी आली नाही. रोप लावून झालं, मग पाहुण्यांच्या हस्ते 'झाडे लावा' असं छापलेले शंभरेक हिरवे फुगे आकाशात सोडले. टाळ्या झाल्या. आणि मॅडम माईकपाशी आल्या.

"प्रमुख पाहुण्यांचे आभार. ते एका गाडीत मावतात, तरी चार गाड्या घेऊन आले. स्टेजवरच्या फ्लेक्सचे आभार. आपण सगळे निवृत्त होऊ, जाऊ, हा कुठंही जाणार नाही. पुष्पगुच्छांच्या भोवतीच्या चकचकीत कागदाचे आभार. रोपाचे आभार, त्याला पुढच्या वर्षीच्या रोपासाठी जागा करून द्यायची आहे. आणि फुग्यांचे आभार. ते आत्ताच वर गेले. वर गेले ते कुठं गेले, हे कुणाला ठाऊक असेल तर कृपया मला भेटावं. धन्यवाद."

पाहुण्यांनी मान वर करून खरोखरच आभाळात पाहिलं. मग सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. त्यांना वाटलं, आपली तारीफ चाललीय. प्राचार्यांचं हसू मात्र फोटोसाठी धरून ठेवल्यासारखं राहिलं ते पार चहा संपेपर्यंत. पुढच्या वर्षापासून आभार माझ्याकडे आले. मराठीचे आहेत, गोड बोलतील, म्हणून.

प्राचार्य तसे वाईट नव्हते हो. त्यांना फक्त बक्षीस आवडायचं. कशाचंही. सव्वीस जुलैचा पूर होऊन गेला होता आणि सगळ्यांनाच एकाएकी निसर्गाची आठवण झाली होती. कुळगावात आमच्या चाळीच्या जिन्यात कमरेइतकं पाणी उभं राहिलं, तेव्हा मलाही झाली होती. पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला होता, तो शिकवायला कुणी तयार नव्हतं म्हणून ज्याचे तास कमी भरतात त्याच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडला होता. अशात कुठल्याशा संस्थेनं 'हरित महाविद्यालय' नावाची स्पर्धा काढली. प्राचार्यांच्या डोळ्यांत तेज आलं. त्यांनी जाहीर केलं, की इमारतीच्या मागे पर्यावरण उद्यान करायचं. हिरवळ, कारंजं, सिमेंटचे मशरूम बसायला, सिमेंटची हरणं बघायला. आणि ह्या सगळ्याच्या आड येत होती एक विहीर.

कॉलेजचा मागचा भाग म्हणजे जुनी मिलिटरीची बराक. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ह्याच बराकींतून उतरवलं होतं. विहीर त्या वेळची. दगडी, गोल, कठड्यावर दोरांनी पाडलेल्या खोल खाचा. माझ्या वेळी तिच्यावर गंजकी जाळी होती, जाळीवर कँटीनची शिळी पोळीभाजी, आणि खालून असा भपकारा यायचा, की प्रेमात पडलेली जोडपीसुद्धा तिकडे फिरकायची नाहीत. प्राचार्यांच्या हिशेबी ही विहीर म्हणजे एक घाण वास येणारा खड्डा. बुजवला की प्रश्न मिटला.

मॅडम थेट केबिनमध्ये गेल्या. मी माझ्या तासांचं रडगाणं घेऊन तिथं आधीच उभा होतो.

"सर, विहीर बुजवायची नाही."

"मॅडम, वास येतो. कमिटी येणार आहे."

"मी इथं लागले तेव्हा लॅब ह्याच पाण्यावर चालायची. नितळ पाणी. ते डिस्टिल करायला घेताना जिवावर यायचं. ती मुळात घाण नाही, सर. आजारी आहे. आजारी माणसाला कुणी पुरतं का?"

"मग इलाज सांगा," प्राचार्य म्हणाले. ते हे वाक्य बोलले, कारण समोरचा इलाज सांगणार नाही ह्यावर त्यांचा विश्वास होता.

मॅडमना रोग ठाऊक होता. त्यांचा संशय त्यांच्याच लॅबवर होता. लॅबच्या सिंकांतून जे काही वाहून जायचं, ॲसिडं, क्षार, पोरांनी चुकून केलेले नवनवीन शोध, ते जमिनीखालच्या जुन्या पाइपातून कुठंतरी जात होतं. कागदोपत्री ते मागच्या नाल्याला जात होतं. पण 'कुठं जातं ते' हा प्रश्न साऱ्या जगाला विचारणाऱ्या बाईंनी तो स्वतःच्या सिंकला विचारला नाही, असं होईल का?

त्यांनी एक नारिंगी पूड आणली. फ्लुओरेसिन. पाण्यात पडली की झगझगीत हिरवी होते. डोळ्यांचे डॉक्टर तपासणीला वापरतात म्हणे, अपाय काही नाही. बेत असा, की पूड सिंकमध्ये सोडायची आणि हिरवं पाणी कुठं निघतं ते बघायचं. नाल्यावर पहारा द्यायला साक्षीदार हवा म्हणून मला नेलं. का, तर "पर्यावरण शिकवता ना तुम्ही?"

पहिला प्रयोग साफ फसला. नाला आधीच निळा होता. आसपासच्या गाळ्यांत जीन्स रंगवल्या जायच्या आणि त्या धंद्याचं आमच्या नाल्याशी जुनं नातं. कधी निळा, कधी जांभळा, लग्नसराई असली तर अबोलीसुद्धा. त्या निळ्यात आमचा हिरवा कोण शोधणार? नाक दाबून मी विचारलं, "मॅडम, तुम्ही रुमाल नाही लावत?"

"सल्फाइड आहे. ओळखीचं आहे," त्या म्हणाल्या, जणू चुलतभाऊच रस्त्यात भेटला.

मग त्यांच्या डोक्यात शुक्रवार आला. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची. आनंदनगरच्या एमआयडीसीपासून इकडच्या गाळ्यांपर्यंत सगळं बंद. त्या एका दिवशी नाला आपल्या मूळ रंगात असतो. काळ्या. शुक्रवारी पुन्हा पूड सोडली, मी पुन्हा काठावर, मॅडम पुन्हा शेजारी. दुपार गेली. काळ्याचं काही हिरवं झालं नाही.

"पाइप नाल्याला जातच नाही, मराठी," त्या म्हणाल्या. आवाजात असा आनंद, की एखाद्या आईला पोरगी बोर्डात आल्याचं कळावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरची जाळी बाजूला केली, तर आत लखलखीत हिरवं पाणी. पाइप कठड्यालगतच कुठंतरी फुटला होता आणि कित्येक वर्षं आमच्या लॅबचं सगळं उष्टं त्या विहिरीच्या पोटात जात होतं. मॅडम कठड्यावर दोन्ही हात ठेवून आत बघत राहिल्या. "एवढंच! एवढंच होतं बघा! एक पाइप बदलायचा. गाळ उपसायचा. दोन पावसाळ्यांत ती स्वतःला धुऊन काढते." त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मीही हसलो. आम्हाला वाटलं, जिंकलो. सिद्ध झालं की झालं, असं मानणारी जमात जगात एकच, मास्तर लोकांची.

सोमवारी मीटिंग भरली. मॅडमनी पाइप, फ्लुओरेसिन, शुक्रवार, सगळं मुद्देसूद सांगितलं. हिरव्या पाण्यानं भरलेली बाटली टेबलावर ठेवली. प्राचार्यांनी ती हातात घेऊन उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे विहिरीचं पाणी दूषित आहे, हे मॅडमनी शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध केलं. अभिनंदन, मॅडम! आपण आजवर नुसतं वासावरून बोलत होतो. आता पुरावा आहे. मुलांच्या आरोग्याला धोका आहे. विहीर तातडीनं बुजवली पाहिजे."

टाळ्या. खरंच टाळ्या. अहो, मीटिंग लवकर संपणार म्हटल्यावर आमच्याकडे कशालाही टाळ्या पडतात.

"सर, पाणी दूषित आपल्यामुळे आहे," मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"तेच तर तुम्ही दाखवून दिलंत. ठराव मंजूर. सूचक मी. अनुमोदक, गायकवाड मॅडम."

"मी अनुमोदन दिलेलं नाही."

"तुमच्या प्रयोगानं दिलं, मॅडम," प्राचार्य फार प्रेमानं म्हणाले. "बसा."

मॅडम बसल्या. त्या दिवशी स्टाफरूममधले सगळे पंखे संध्याकाळपर्यंत गरगरत होते आणि कुणी बंद केले नाहीत. मी वर मान करून त्यांच्याकडे बघत बसलो होतो. इतका संताप मला आजवर दुसऱ्या कुठल्या पंख्याचा आलेला नाही.

पण बाई हरणारी नव्हती. शनिवारी मला म्हणाल्या, "चला, दादांकडे जाऊ." दादा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. वय झालेलं, कॅम्प चारमध्ये कापडाचं दुकान, वर घर. गेल्या गेल्या रीतीप्रमाणे पापड आणि पाणी पुढे आलं.

"बैठो बेटी. पहले पापड खाओ. गुस्सा बाद में."

मॅडमनी पापडाला हात न लावता विहीर सांगितली. दादा ऐकत होते. मध्येच त्यांनी चष्मा काढला.

"वो कुआँ? उसका पानी मैंने पिया है, बेटी. बच्चा था मैं. कैंप में नल कहाँ था तब? मेरी माँ दो-दो घड़े भरके लाती थी. बोलती थी, सब छूट गया, पर पानी मीठा मिला."

मॅडमनी पुढ्यातला पाण्याचा ग्लास उचलून एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "दादा, माझ्या आजीला गावात विहिरीच्या पायरीला पाय लावू देत नव्हते. खाली ओंजळ धरून बसायचं. वरून कुणी ओतलं तर प्यायचं, नाही ओतलं तर घरी जायचं. आणि ही विहीर? तुमच्या आईला तिनं विचारलं नाही, तू कुठली. मी इथं नोकरीला लागले, स्वतःच्या हातानं पोहरा सोडला, मलाही विचारलं नाही. अशी विहीर बुजवतात का हो?"

मॅडम घरच्यांविषयी बोलल्या ते माझ्यासमोर एवढंच. मी हातातला पापड खाली ठेवला. दादांनी तर उघड डोळे पुसले आणि म्हणाले, "तू फिकर मत कर. मैं कुछ करता हूँ."

दादांनी शब्द पाळला. त्यांनी काहीतरी केलं. आठवड्याच्या आत गेटावर फ्लेक्स लागला. उद्यानाला त्यांच्या मातोश्रींचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि कारंज्याचा खर्च दादांनी उचलला होता.

मग ट्रक आले. पाडलेल्या भिंतींचं डेब्रिज, पुरात फुगलेली कॉलेजची कपाटं, तुटके बाक, सगळं एकामागून एक विहिरीत गेलं. दगड पडताना खालून पाण्याचा आवाज यायचा, मग तोही यायचा बंद झाला. मॅडम वर लॅबच्या खिडकीत होत्या. प्रॅक्टिकल चालू होतं. त्यांनी एकाही पोराचं टायट्रेशन चुकू दिलं नाही. तास संपल्यावर फक्त मला म्हणाल्या, "विहीर बुजवली. पाइप तसाच आहे. आता ते कुठं जातं, विचारा तुमच्या सरांना."

मी विचारलं. सर म्हणाले, "जमिनीत जातं हो, कुठं जाणार!"

उद्यान झालं. फार सुंदर झालं. सिमेंटच्या हरणांना चरायला खरी हिरवळ होती, फक्त तिच्यावर 'चालू नये' अशी पाटी होती. कारंज्याला पाणी नव्हतं, कारण आमच्या भागात नळाला पाणी येणं हाच एक समारंभ. मग टँकर लावले. टँकर बघितला आणि मी कपाळावर हात मारला. ड्रायव्हर आमच्या कुळगावचा. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक विहीर आहे, तिथून तो भरून आणायचा. म्हणजे कारंज्यात अखेर विहिरीचंच पाणी उडत होतं, फक्त ते डिझेल जाळत बदलापूरहून यायचं.

उद्घाटनाला दादा आले. कारंजं सुरू झालं तेव्हा त्यांनी हात जोडले. मग इकडेतिकडे बघून मॅडमना विचारलं, "बेटी, कुआँ किधर था?"

"तुम्ही उभे आहात तिथं."

दादा दोन पावलं मागे सरकले. पुढे कधी ते त्या बाजूला गेलेले मी पाहिले नाहीत.

बक्षीस मिळालं. कमिटीनं अहवालात 'दूषित जलस्रोताचे शास्त्रीय व्यवस्थापन' ह्यासाठी कॉलेजची खास पाठ थोपटली आणि त्यात डॉ. गायकवाड यांचं नाव होतं. मॅडम डॉक्टर नव्हत्या. प्राचार्यांनी प्रेमानं त्यांना करून टाकलं होतं. ट्रॉफी प्लास्टिकची होती. तिचा फोटो घ्यायला सगळा स्टाफ जमला, तेव्हा मॅडम तेवढ्यात स्टाफरूममध्ये जाऊन पंखे बंद करून आल्या. मला हायसं वाटलं. आमच्या मॅडम परत आल्या होत्या.

दोन वर्षांनी, भर पावसाळ्यात, त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात पर्यावरणाचं भान राखून पुष्पगुच्छाऐवजी रोप दिलं. रोप प्लास्टिकच्या कुंडीत, कुंडी जिलेटिनच्या कागदात, वर गुलाबी रिबीन. मॅडमनी तिथंच उभ्या उभ्या रिबीन सोडवली, कागद उलगडला, दोन्हीची नीट घडी केली आणि प्राचार्यांच्या हातात ठेवली. "हे तुमचं." भाषण एवढंच. आभार मी मानले, आणि शप्पथ सांगतो, त्या दिवशी मला गोड बोलता आलं नाही.

रिक्षापर्यंत सोडायला मी छत्री घेऊन निघालो, तर त्या गेटाकडे न वळता मागे वळल्या. उद्यानात कुणी नव्हतं. कारंजं बंद. आणि हिरवळीच्या मधोमध जमीन खचली होती. नुसती कुठंतरी नव्हे, बरोब्बर गोल. खाली कपाटं सडली असतील, बाक सडले असतील, त्या पावसानं सगळं खाली बसवलं होतं, आणि त्या गोलात काठोकाठ पाणी उभं होतं. एक सिमेंटचं हरीण त्यात गुडघाभर बुडून वाकडं झालं होतं.

आयुष्यभर पाट्या पाळणारी ती बाई 'चालू नये'च्या पाटीवरून सरळ चालत गेली. साडी भिजत होती. काठाशी वाकून त्यांनी बॅगेतून स्टीलचा पेला काढला, तो पाण्यात बुडवला, वर धरला, उजेडात बघितला, वास घेतला. मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली.

"काय, मॅडम?"

"आपल्या लॅबचाच वास आहे अजून." त्यांनी पेल्यातलं पाणी गटारीकडे भिरकावलं नाही. पुन्हा वाकल्या आणि ते पाणी होतं तिथंच हळूच सोडलं. मग माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर पाऊस होता, त्यात दुसरं काय होतं ते मला सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांत काय होतं ते मला ठाऊक आहे.

"बघितलंत, मराठी? गेली नाही कुठं."

पेला पुसून बॅगेत ठेवत त्या गेटाकडे निघाल्या. रिक्षात बसल्या, रोप मांडीवर घेतलं. रिक्षा सुरू होता होता डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "तेवढा पाइप बदलून घ्या. बाकीचं ती बघेल."